आवाज अडवा, श्वास अडवू नका

फेब्रुवारी लागला की आपल्या वस्त्यांमध्ये गाण्यांचा हंगाम सुरू होतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपलं गाणं वाजलं पाहिजे म्हणून पोरं-पोरी रात्र-रात्र जागतात. कुणी भीमगीत करतं, कुणी रॅप लिहितं, कुणी जुन्या चालीवर नवा ताल बसवतं. पूर्वी एक गाणं रेकॉर्ड करायचं तर मोठ्या स्टुडिओत तासाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत. आज संगणक, साउंड कार्ड, एक माईक आणि दोन स्पीकर एवढ्यावर घरातल्या घरात गाणं तयार होतं. मिक्सिंगसुद्धा तिथेच होतं. आपल्या घरातला आवाज कुणाच्या परवानगीशिवाय जगापर्यंत पोहोचतो, ही मोठी गोष्ट आहे आणि आम्हाला तिचा अभिमान आहे.

मग आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला? कारण त्या गाण्यासाठी घरातली जी खोली सगळीकडून बंद केली जाते, तिच्या हवेबद्दल कुणीच बोलत नाही.

आम्ही घरभेटींना जातो तेव्हा अशा खोल्या पाहतो. आठ बाय दहाची खोली, नाही तर पोटमाळा. खिडकीवर प्लायवूड ठोकलेलं. दाराला रबराची पट्टी. भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे, वर थर्माकोल, खाली गालिचा. आत तीन-चार जण, संगणक, स्पीकर. पंखा बंद, कारण तो माईकमध्ये वाजतो. पोरं म्हणतात, स्टुडिओ तयार झाला. आमच्या मते तो अर्धाच तयार झालेला असतो. हवेची वाट हा स्टुडिओचाच भाग आहे. ती नसेल तर तो स्टुडिओ नाही, झाकण लावलेला डबा आहे.

पोरं खोली का बंद करतात?

पोरांना दोष देऊन उपयोग नाही. वस्तीत एका भिंतीला दोन घरं असतात. शेजारी तान्हं बाळ असतं, रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो, दहावीची पोरगी अभ्यास करत असते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात. बाहेरून कुकरची शिट्टी, रिक्षा, लोकल, नळावरचं भांडण माईकमध्ये येतं. म्हणून खोली बंद करावी लागते. आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो, हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. भिंत कितीही जाड असली तरी तिच्या शंभराव्या हिश्श्याएवढी जागा उघडी राहिली की निम्म्याहून जास्त मेहनत वाया जाते. म्हणून ते एकही फट सोडत नाहीत.

फक्त एक गैरसमज इथेच दूर करू. फोम आणि अंड्यांचे ट्रे आवाज बाहेर जाण्यापासून थांबवत नाहीत. ते खोलीतल्या खोलीत होणारा घुमारा थोडा कमी करतात, एवढंच. आवाज अडवायला वजन लागतं. वीट, जाड दार, दोन थरांचं बोर्ड, मध्ये पोकळी असं काही तरी हवं. तेव्हा फोमवर पैसे घातले म्हणून शेजारी झोपेल, असं समजू नका.

श्वासाचा हिशेब

बंद खोलीत ऑक्सिजन संपतो, असं लोक म्हणतात. तसं सहसा होत नाही. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो आणि चार माणसं दोन-तीन तास बसली तरी तो एखाद्या टक्क्यानेच खाली येतो. वाढतात त्या दुसऱ्याच गोष्टी. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड, उष्णता, ओल आणि श्वासातून आलेले जंतू.

शांत बसलेला मोठा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. गाणारा त्याहून जास्त सोडतो. आठ बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे २०,००० लिटर हवा. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. अशा पूर्ण बंद खोलीत दोघं बसले तर तासाभरात तो २,२०० च्या आसपास जातो, दोन तासांत ४,००० च्या. चौघं बसले तर दोन तासांत ७,५०० च्या पुढे. कुठे फट असेल तर आकडा थोडा कमी येईल. पण कारखान्यांच्या कायद्यात कामगारासाठी आठ तासांच्या सरासरीची जी मर्यादा आहे, ती ५,००० ची आहे. म्हणजे कारखान्यात जी हवा चालणार नाही, ती आपलं पोर घरात रात्रभर घेतं.

याला वास नसतो, रंग नसतो. आत बसलेल्याला कळत नाही, कारण तो त्यातच मुरलेला असतो. बाहेरून आलेल्या आईला दार उघडताच कोंदटपणा जाणवतो. डोकं जड होणं, जांभया येणं, डोळे चुरचुरणं, चिडचिड होणं, घसा कोरडा पडणं, ही त्याची लक्षणं. रात्री दोनला झकास वाटलेलं मिक्स सकाळी ऐकवत नाही, याचं सगळं खापर कानांवर फोडू नका. त्यात कोंडलेल्या हवेचाही वाटा असू शकतो.

उष्णतेचा हिशेबही सोपा आहे. बसलेलं प्रत्येक माणूस जुन्या १०० वॅटच्या बल्बएवढी उष्णता देतं. त्यात संगणक आणि स्पीकर मिळवा. वर पत्रा असेल आणि महिना मार्चचा असेल, तर पोटमाळ्यावरचं पोर घामाने निथळतं. घामाची आणि श्वासाची ओल फोममध्ये शिरते, तिथे बुरशी धरते. घरात कुणाला दमा असेल तर त्याचा त्रास वाढतो.

इथे बरेच जण म्हणतात, आम्ही एसी लावलाय. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. म्हणजे शिळं अन्न फ्रिजमध्ये ठेवल्यासारखं. गार होतं, ताजं होत नाही. विंडो एसीला छोटी झडप असते, पण तिच्यातून येणारी हवा चार जणांना पुरत नाही.

कोंडलेली हवा आणि टीबी

आमची खरी काळजी याच्या पुढची आहे. टीबी हवेतून पसरतो. ताटा-वाटीतून नाही, हात मिळवून नाही. खोकताना, बोलताना आणि गातानासुद्धा सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, आणि तो दाट वस्तीत, अंधाऱ्या, कोंदट घरांत जास्त सापडतो. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास झाला तेव्हाही एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारतींतल्या हवा-उजेडाच्या टंचाईचा टीबीशी असलेला संबंध पुढे आला. टीबीच्या वॉर्डात काम करताना आम्ही जी पहिली शिस्त शिकलो ती औषधाची नव्हती, खिडकीची होती. खिडक्या उघड्या ठेवा, रुग्णाकडून हवा बाहेर जाऊ द्या.

गाणं आणि बंद खोली एकत्र आली की काय होतं, याचं उदाहरण करोनाच्या सुरुवातीला अमेरिकेत दिसलं. १० मार्च २०२० ला वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीत एका गायनसमूहाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण हजर होते. त्यातल्या ५३ जणांना करोना झाला, असं चौकशीत आढळलं. काहींची तपासणी होऊन, काहींचा लक्षणांवरून. दोघांचा मृत्यू झाला. तो हॉल आपल्या पोटमाळ्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

आता आपल्या घराचा विचार करा. स्टुडिओची खोली दिवसा स्टुडिओ आणि रात्री झोपायची जागा असते. गार आहे म्हणून आजी तिथेच झोपते, धाकटी भावंडं तिथेच झोपतात. संध्याकाळी गाऊन गेलेल्या मित्रांची हवा रात्रभर घरचे लोक घेतात. म्हणून दोन नियम पाळा. ज्या खोलीला हवेची वाट नाही तिथे कुणीही झोपायचं नाही. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर माईकसमोर उभं राहण्याआधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायची. ती तपासणी फुकट आहे, औषधही फुकट आहे. मात्र टीबी निघाला म्हणून कुणाला गटातून काढू नका. योग्य औषध नियमित घेतलं की संसर्गाचा धोका लवकर कमी होतो. तोवर त्याने उघड्यावर चाली बांधाव्यात, तुम्ही त्याच्याबरोबर बसा.

फोमची आग

साधा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. तो सुक्या गवतासारखा पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा विषारी वायू असतो. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये स्टेशन नावाच्या नाइटक्लबात भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. २७ जानेवारी २०१३ ला ब्राझीलच्या सांता मारियातल्या किस नाइटक्लबात छताचा फोम पेटला आणि २४२ जण गेले, त्यात बहुतेक तरुण मुलं होती. दोन्ही ठिकाणी सुरुवात आतषबाजीच्या ठिणगीने झाली. आपल्याकडे ठिणगीला आतषबाजी लागत नाही. एका प्लगवर टांगलेली चार एक्स्टेंशन पुरतात.

म्हणून फोम, थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे लावू नका. लावले असतील तर काढा. त्याऐवजी लाकडी चौकटीत रॉकवूल भरा आणि वरून जाड सुती कापड घट्ट शिवा. रॉकवूल पेटत नाही. ते हाताळताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण त्याचे तंतू टोचतात. खोलीत उदबत्ती, मेणबत्ती, सिगारेट नको. मच्छरची कॉइल तर अजिबात नको. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं एका अभ्यासात दिसलं आहे. मच्छरदाणी लावा, जाळी लावा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं, बाहेरून कडी नको. आग विझवायचा पावडरचा सिलिंडर दाराबाहेर टांगा.

आधी बिनखर्चाचा उपाय

एक गोष्ट पोरांनी शांतपणे ऐकावी. शांतता फक्त माईक चालू असताना लागते. गाणं बांधणं, ट्रॅक लावणं, कापाकापी, मिक्सिंगचं बरंचसं काम हेडफोनवर, बेताच्या आवाजात होतं. त्यासाठी खोली बंद असण्याची गरज नाही. दार उघडं ठेवा, खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. आवाज रेकॉर्ड करायचा तेवढाच वेळ बंद करा. अर्धा तास काम, मग दहा मिनिटं दार-खिडकी उघडून टेबलफॅन बाहेरच्या दिशेला तोंड करून लावा आणि सगळे बाहेर या. आत जेवढी कमी माणसं, तेवढं बरं. बघायला आलेले मित्र ओट्यावर बसू देत. खिडकी प्लायवूडने कायमची ठोकू नका. आतून बसणारा, हाताने काढता येणारा जाड फळा करा.

हवा जाईल, आवाज अडेल

ज्यांना पक्की सोय करायची आहे त्यांच्यासाठी सुताराला सांगता येईल अशी पद्धत आहे. आवाज सरळ वाटेने सहज जातो. वाट वाकडी असेल आणि तिला आतून मऊ अस्तर असेल, तर प्रत्येक वळणावर तो मुरतो. हवा मात्र वळणं घेत निघून जाते. मोटरसायकलचा सायलेन्सर साधारण याच तत्त्वावर चालतो.

जाड प्लायवूडच्या तीन-चार फूट लांबीच्या दोन पेट्या करा. प्रत्येक पेटीत आडव्या फळ्या अशा बसवा की एक या भिंतीला चिकटलेली, दुसरी त्या भिंतीला, म्हणजे हवा नागमोडी जाईल. आतून सगळीकडे एक-दोन इंच रॉकवूल, त्यावर सुती कापड. एक पेटी खाली, ताजी हवा आत यायला. दुसरी समोरच्या भिंतीला वर, गरम हवा बाहेर जायला. पंखा बाहेर नेणाऱ्या वाटेवर, खोलीपासून लांब, पेटीच्या बाहेरच्या टोकाला बसवा. पंखा आणि पेटी यांच्यामध्ये लवचीक पाइप ठेवा, म्हणजे कंप भिंतीत उतरणार नाही.

हवा किती लागते? माणशी सेकंदाला १० लिटर हा धरायचा आकडा. तेवढी मिळाली की कार्बन डायऑक्साइड हजाराच्या आसपास थांबतो. चौघांसाठी सेकंदाला ४० लिटर. त्याला सहा इंची पाइप घ्या. चार इंचीतून तेवढीच हवा दुपटीहून जास्त वेगाने जाते आणि शिटी वाजते. एक-दोघांसाठी चार इंची चालेल. पेटीतली वाट कुठेही पाइपपेक्षा अरुंद करू नका. पंखा थोडा मोठा घेऊन हळू चालवा, म्हणजे तो माईकमध्ये येणार नाही.

आत येणाऱ्या हवेचं तोंड गटार, संडास, चूल, जनरेटर यांच्याजवळ नको. त्याला जाळी लावा आणि ती महिन्यातून एकदा धुवा. काम झालं की टिश्यू पेपरची पट्टी दोन्ही तोंडांशी धरून बघा. एका ठिकाणी ती आत ओढली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर, तर वाट चालू आहे.

आणि एक सक्त सूचना. पाइपसाठी सिमेंटचा जुना पत्रा कापू नका, त्याला भोक पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुफ्फुसात बसली तर कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. पाइप खिडकीतून किंवा विटेच्या भिंतीतून काढा.

ही एकट्या पोराची जबाबदारी नाही

काही वडीलधारे म्हणतील, एवढा धोका आहे तर बंदच करा ते स्टुडिओ. आम्ही याच्या विरोधात आहोत. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्या पिढीचे जलसे आणि गाण्याचे कार्यक्रम उघड्या मैदानात व्हायचे. आजच्या पोरांना ते मैदान कुठे आहे? झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर एकेकाळी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३००. त्यात स्वयंपाक, झोप, अभ्यास, आजारी माणूस आणि आता गाणंही. पोरांनी हवा बंद केली ती हौसेने नाही, जागा नव्हती म्हणून. श्रीमंताच्या स्टुडिओत ताज्या हवेची यंत्रणा इमारतीबरोबरच येते. आपल्या पोराला आवाज आणि श्वास यातलं एक निवडायला लागतं, हा अन्याय आहे आणि तो पोरांवर ओरडून मिटणार नाही.

काही म्हणतील, पोटाचा प्रश्न मोठा, गाण्याच्या खोलीचं काय घेऊन बसलात. आम्ही म्हणतो, पोटाच्या प्रश्नावर बोलायलाही आवाज लागतो, आणि हा आवाज ज्या छातीतून येतो तिची काळजी घेणं हे आरोग्याचंच काम आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं. वस्तीत दहा घरांत दहा कोंदट डबे असण्यापेक्षा समाजमंदिरात किंवा विहाराच्या एखाद्या खोलीत सगळ्यांसाठी एक चांगली खोली करा. वजनदार दार, हवेच्या दोन वाटा, रॉकवूल, नीट वायरिंग. पाळीपाळीने सगळे वापरतील. पोरींनाही कुणाच्या घरी रात्री जावं लागणार नाही. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एका रात्रीचा खर्च बाजूला काढला तर या कामाची चांगली सुरुवात होईल. समाजमंदिराच्या दुरुस्तीचा निधी नगरसेवकाकडे मागताना हवेची ही सोय अर्जात लिहा. कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर काही हजारांत मिळतो. मंडळाने एक घ्यावा आणि घरोघरच्या स्टुडिओत फिरवावा. आकडा हजाराच्या वर गेला की दार उघडायचं, एवढं तर शाळेतलं पोरही सांभाळेल.

आणि ज्या घरात यंदा नवा माईक येणार आहे, तिथल्या आई-वडिलांना एक विनंती. पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा, "बाळा, यातली हवा कुठून येणार आणि कुठून जाणार?" त्याच्याकडे उत्तर नसेल तर माईक महिनाभर थांबू द्या. आधी भिंतीला दोन भोकं पाडू द्या.

जय भीम.